कोकिळाबाईंचा हातठसा

सावद्याजवळच्या केळीच्या शीतगृहात चेतनाने हातात मोजा चढवला आणि फोर्कलिफ्टची कळ मागे ओढली. खरं तर ओढली ती मोज्याने. हल्ली शिकाऊ चालकांना असे मोजे देत. कसलेल्या चालकाच्या बोटांचा दाब, त्याचं थबकणं, कळ सोडण्याची रीत, सगळं त्यात साठवलेलं असे. त्याला हातठसा म्हणत. नवख्या हाताला तो हळूहळू वळण लावी.

चेतनाने मागून घेतलेला हातठसा कोकिळाबाईंचा होता. तिच्या आईचा.

आई तापाने गेली त्याला दोन वर्षं झाली होती. चेतना मावशीकडेच वाढली, कारण आई शीतगृहातल्या पाळीवरून घरी यायची ती झोपायलाच. आईचा हात धरून कुठे गेल्याचं तिला आठवत नव्हतं. आता तोच हात रोज तिच्या बोटांवर असायचा. खोक्यांच्या पॅलेटखाली यंत्राचे काटे पुरते गेल्याशिवाय उचलू न देणारा, उचललेला भार अलगद मागे झुकवणारा.

अंतिम परीक्षा मात्र मोज्याविना असे. चेतना एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा तर उतारावरून भरलेलं यंत्र, भार चढाच्या बाजूला ठेवून, उलटं उतरवायचं सोडून तिने सरळ खाली घातलं. मागची चाकं उचलली गेली. प्रशिक्षक तडवी मॅडमनी दूरनियंत्रकाने यंत्र जागीच थांबवलं, म्हणून खाली उभा असलेला सुपडू हमाल वाचला.

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "मोजा घातला की एकही चूक होत नाही तुझी. काढला की मुद्दाम चुकतेस ना?"

चेतना म्हणाली, "पास झाले की मोजा जमा करावा लागेल."

"आणि सुपडूला काही झालं असतं तर? यंत्राच्या मागे कितीही वजन असू दे, उतारावर पुढचा भार यंत्राला लोळवतो. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण मॅडम, मला आई भेटते त्यात."

"आई नाही गं. तिची सवय भेटते."

"माझ्याकडे तेवढीच आहे."

चेतना सुपडूकडे गेली. तो अजून भिंतीला टेकून बसला होता; हातातला पाण्याचा पेला रिकामा होता. तिने तो भरून आणला आणि त्याच्या शेजारी बसली.

पुढच्या परीक्षेत ती मान वळवून मागे बघत, सावकाश उतार उतरली. बोटांवर कुणाचाच दाब नव्हता. हात नुसता उघडा, गार. ती पास झाली.

तिने जमा केलेला मोजा त्याच दुपारी भुसावळहून आलेल्या एका बाईला मिळाला. वयाने चेतनाहून मोठी. बाईने कळ धरली आणि नवलाने मोज्याकडे पाहिलं. "कुणाचा गं हा हात? केवढा जपून धरतोय."

चेतना यंत्राजवळ सरकली आणि तिने हळूच विचारलं, "ताई, आता काय करतोय तो?"