पत्र्यावरची थाप

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच मागे फिरावं, मला राग नाही. पण शेवटपर्यंत वाचून "काकू, छान रचलीत हो" असं कुणी म्हणालं, तर त्याची मी चांगली खरडपट्टी काढीन.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भुतंखेतं काय फक्त रात्रपाळीलाच असतात? थंडीतली भर दुपार होती. खिंडीचा रस्ता उन्हात लख्ख दिसत होता.

घडलं ते माझ्या धाकट्या दिराच्या बाबतीत. घरात सगळे त्याला घुम्या म्हणतात. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. त्याला साधी थाप मारता येत नाही, तो गोष्ट काय रचणार?

आमच्या अंगाला, खिंडीच्या अलीकडे, दवाखाना नाही. म्हणजे इमारत आहे. पाटी आहे. कुलूप आहे. डॉक्टर तेवढा नाही.

खिंड उतरून पलीकडे गेलं, की मात्र एकाच गल्लीत तीन दवाखाने, वाण्याच्या दुकानांसारखे समोरासमोर. तिथल्या माणसाला सर्दी झाली तरी निवड करता येते. आमच्या माणसाने निवडायचं ते एवढंच... घरात मरायचं की वाटेत.

घुम्या पेशंट नेण्याची जीप चालवतो. त्याच्या पाठीमागे पत्र्याची भिंत आहे, मागचं काही दिसत नाही. म्हणून त्याने एक पद्धत पाडलेली. पेशंटजवळ जो बसेल त्याने प्रत्येक वळणावर पत्र्यावर एक थाप मारायची. थाप आली, म्हणजे श्वास चालू आहे. जीप कुठे थांबली आणि पुन्हा निघायचं असलं, तर दोन थापा.

आणि थाप आलीच नाही, तर...

जीप मागे वळवायची.

निर्दय वाटेल. पण मेलेलं माणूस पलीकडे नेलं, की ते परत मिळवायला दोन-दोन दिवस खेटे घालावे लागतात. म्हणून वाटेत गेलेले सगळे वाटेतूनच घरी आले. दवाखान्याचं दार त्यांतल्या एकानेही पाहिलं नाही.

त्या दुपारी मागे घुम्याची स्वतःची बायको होती. माझी धाकटी जाऊ. पहिलटकरीण. पोर आडवं आलेलं, पहाटेपासून कळा चाललेल्या. सोबतीला आमची नणंद बसली. नणंदेच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की देव आला तरी थांबत नाही. माझं तिचं कधी पटलं नाही, पण अडीनडीला बाई पहिली उभी.

निघताना जावेने माझा हात घट्ट धरला.

"जाऊबाई, पोचेन ना हो मी?"

मी म्हणाले, "न पोचायला काय झालं? गाडी नवऱ्याची, रुसायची सोयसुद्धा नाही तुला."

हसली बिचारी.

पहिलं वळण आलं. थाप पडली.

दुसरं वळण. थाप.

प्रत्येक थापेला घुम्या स्वतःशीच "हं" म्हणत होता.

खिंडीच्या अलीकडे इंजिन तापलं. त्याने जीप उभी केली, झाकण उघडलं, पाणी ओतलं. जाऊ पाणी मागत होती म्हणून नणंद बाटली घेऊन मागून उतरली. कडेच्या खडकामागे झरा आहे, तिथे गेली. भावाला सांगितलं नाही. आयुष्यभर नको ते बोलली, हवं ते नेमकं राहिलं.

घुम्या येऊन बसला.

ठक... ठक...

दोन थापा.

त्याने जीप काढली.

नणंद खडकामागे बाटली भरत होती.

खिंड ओलांडली. वळण आलं. थाप पडली. पुढचं वळण, पुढची थाप. पण कण्हणं ऐकू येत नव्हतं. आणि नणंदेची टकळीही नाही... एवढ्या रस्त्याला ती गप्प? त्याने हाक मारली.

"आक्का, बरी आहे ना ती?"



नुसती थाप.

तिथे वळण नव्हतं. सरळ रस्ता होता.

मग थापा वाढल्या. एकामागून एक, कुणी घाई करावी तशा. घुम्याला वाटलं, आक्का घाबरली. त्याने जीप अशी पळवली, जशी आजवर कुणासाठी पळवली नव्हती.

दवाखान्याच्या दारात माणसं धावत आली. मागचं दार उघडलं. आत जाऊ एकटी. अंगावरची चादर नणंदेने खोचली होती तशीच, दोन्ही हात चादरीखाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की गेल्याला तास होऊन गेला, पोरही गेलं. खिंड यायच्या आधीच गेली असणार.

घुम्या म्हणाला, "नाही. थाप येत होती."

कसली थाप, असं त्यांनी विचारलं.

तो आक्काला शोधायला लागला. दारावरच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, तुमच्यासोबतच्या बाई ना, त्या मघाशीच आत गेल्या, मीच त्यांना दार धरलं. अनवाणी होत्या. बोलल्या काही नाहीत... फक्त भिंतींना हात लावून बघत होत्या.

घुम्याने खोली न् खोली पाहिली. कुणी नाही.

ऊन उतरता उतरता एक ट्रकवाला नणंदेला घेऊन आला. हातात भरलेली बाटली. आल्या आल्या भावाला म्हणाली, "आधी तिला दोन घोट पाजू दे, मग तुझं बघते."

तिला सांगायचं कुणी?

नंतर तिने सांगितलं ते असं. जीप निघाली तशी ती ओरडत मागे धावली. मागच्या काचेतून तिला दिसलं... तिच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. हात पत्र्याकडे उचललेला. तिला वाटलं, भावजयच उठून बसली. पण भावजयीचे पाय तर काचेपाशी तसेच आडवे होते.

लोक म्हणतात, जावेचाच जीव अडकला होता. मला नाही तसं वाटत. माझी जाऊ तोवर सुटली होती. ती दुसरी कुणीतरी होती. कधीतरी थाप चुकली म्हणून अर्ध्या वाटेतून मागे वळवून आणलेली. तिला एकदा पोचायचं होतं, बस.

घुम्या जीप अजून चालवतो. दुसरं आहे कोण? पलीकडे त्या गल्लीत चौथा दवाखाना उभा राहतोय. आमच्याकडेही सुधारणा झाली... गंजलेलं कुलूप काढून नवं लावलंय.

आता माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. जीप तीच, रस्ता तोच. मागे मीच बसणार, आणि कितीही तहान लागली तरी उतरणार नाही.

पण झोप उडाली आहे माझी. परवा घुम्याला गाठून विचारलंच. म्हटलं, पत्र्यावर थाप पडली, तर माझी कुठली आणि तिची कुठली, हे तुला पुढे बसून ओळखू येईल ना रे?

तो बराच वेळ स्टिअरिंग पुसत राहिला.

मग म्हणाला, "ती एकच असती तर ओळखली असती, वहिनी."