गौरम्माचा बेल

मल्लिकार्जुन आप्पा पाठीला फवारणीचा पंप अडकवून शेताकडं निघाले, ते एक साधं काम उरकायला. बेलाच्या रोपावर अळी पडली होती. अळी मारायची, घरी यायचं, भाकरी खायची. एवढंच.

शेत मुरुडपासून कोसभर. बांधाकडेला त्यांच्या बायकोची, गौरम्माची, समाधी. वर्षामागं तिला लिंगायत रीतीप्रमाणं मातीत मांडी घालून बसवलं होतं, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. डोईशी बेलाचं रोप लावलं. जाण्याआधी तीच बोलली होती, "लिंगाला बेल रोज लागतो. रोप वाळू देऊ नका." आप्पांनी मान हलवली. आप्पा उगीच शब्द देत नसत, आणि दिला तर मोडत नसत. आता रोप खांद्याएवढं झालं अन् दिवसागणिक उजाड होऊ लागलं. असंच चाललं तर काड्या उरणार होत्या.

बरोबर पुतणी होती, वर्षाराणी. दिवाळीला लातूरहून आलेली. तिच्या गच्चीवर कुंड्यांत रुई, पानफुटी, कढीपत्ता, सगळं फुलपाखरांच्या पोरांसाठी.

"लोक अळ्या मारतात," आप्पा म्हणाले, "आमची पोरगी त्यांना पंगत वाढते."

"वाढते. तुम्ही थांबा काका, आधी बघू तरी कोण हाय ते."

तिनं पान उलटलं. पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी बारीक अळी. दुसऱ्या पानावर मोठी, हिरवी. बोट लावलं तशी तिनं डोक्यामागून शेंदरी शिंग बाहेर काढलं. उग्र वास सुटला.

"लिंबाळी फुलपाखराची अळी. लिंबावर, बेलावर हिची वस्ती. एवढ्याशा दोघींनी झाड उजाड होत न्हाई, काका."

"मग पानं काय उडून गेली?"

वर्षाराणी रोपाभोवती फिरली. एकेक डहाळी वाकवून बघितली.

"अळी कडेनं कुरतडते. कुरतडलेली पानं तर सगळी जागेवर हायत. गेली ती निव्वळ अखंड. तीन दलांची, डाग नसलेली." तिनं डहाळीवर देठाची मोकळी जागा दाखवली. "ही खुडलीत."

"शेळी आली असंल."

"शेळी निवडून खाती व्हय?"

भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. कुठं फट नव्हती. आप्पांनी पंप खाली ठेवला. पूजेला बेल असाच निवडतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वर्षाराणी दुपारच्या गाडीनं गेली. आप्पा थांबले. चोर कोण, हे कळल्याशिवाय उठणार नव्हते.

दिवस कलला. ज्वारीच्या शेंड्यावरचं ऊन पिवळं झालं, मग राखाडी. वारा पडला. ओल्या भस्मासारखा वास कुठूनसा येऊन राहिला होता. बेलाचं एकही पान हलत नव्हतं.

टुक.

आप्पांनी मान वळवली. एक पान खाली उतरत होतं. पडत नव्हतं, उतरत होतं. मधेच थांबलं. पुन्हा बारीक टुक झालं आणि देठाच्या टोकाची गाठ, पूजेआधी मोडतात तीच, वेगळी होऊन मातीवर पडली. पान मात्र पडलं नाही. समाधीकडेला काळ्या रानाला पडलेल्या भेगेत ते सावकाश आत गेलं.

"कोण हाय…?"

टुक.

आप्पांनी खुरप्यानं भेग जरा रुंद केली. आत पानं होती, एकावर एक रचलेली. सगळी पालथी, लिंगावर वाहतात तशी. वरची हिरवी, खालची वाळकी. ढीग कुठवर जातो ते दिसत नव्हतं.

ते घाबरले नाहीत, असं ते पुढं सांगत. पंप तिथंच विसरून आले, हेही सांगत.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा गावातल्या देवळामागच्या जुन्या बेलाची पानं पिशवीत घेऊन शेतात जाऊ लागले. भेगेपाशी ठेवायची, पाठ फिरवायची. वळून बघितलं की जागा मोकळी. रोपाला हात लागेना झाला. कोंब फुटले. अळ्या मोठ्या झाल्या, कोषात गेल्या, आणि लिंबाळ्या उडू लागल्या. आप्पांना गंमत वाटू लागली. दिलेला शब्द राहिला होता.

एका सकाळी गुडघे फार धरले. समाधीशी टेकून ते करवादले, "गौरे, रोज कोसभर चालायला माझे पाय राहिले न्हाईत. किती दिवस आणून देऊ मी?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी शेतातूनच लातूरला फोन लावला.

"वर्षा, तुझी फुलपाखरं भुईवर बसलीत. झुंबड हाय. सोंडा मातीत खुपसल्यात."

"ओल पितात काका. मातीतलं मीठ लागतं त्यांना. घामाची ओल असली तर हमखास बसतात. पाणी सांडलं असंल कुणी."

"पाऊस जाऊन महिना झाला. इथं कोण येतंय पाणी सांडायला…"

"कुठं बसलीत? बेलाखाली?"

आप्पा खाली वाकले. बसली होती ती समाधीच्या शेजारी, आप्पांच्या स्वतःच्या समाधीसाठी राखलेल्या जागेवर. कोरड्या, टणक रानात तेवढाच एक ओला गोल होता, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा.

"काका? ऐकताय न्हवं?"

त्यांनी हात पुढं केला. फुलपाखरं उडाली नाहीत, सरकून वाट दिली. बोटं ओल्या मातीत सहज गेली. मग तळहात, मग मनगट. वरचा चिखल गार होता.

त्याच्या खाली मातीच नव्हती, मोकळा खड्डा तयार होता.