दोन भोवरे

लिफ्टचं दार उघडलं, ती बाहेर पडायला निघाली आणि तिच्या केसांची बट मागच्या माणसाच्या शर्टाच्या बटणात अडकली. दुसऱ्या कुणी हिसका देऊन सोडवली असती. तिची मात्र पाचावर धारण बसली. हिसका दिला असता तर अख्खं डोकंच उघडं पडलं असतं. दोन वर्षांपूर्वी केस झडले ते पुन्हा आलेच नाहीत... ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि निम्मं ऑफिस त्या लिफ्टमध्ये होतं.

"हलू नका," मागून हलकेच आवाज आला. त्याने खिशातून छोटी कात्री काढली आणि चक्क स्वतःचं बटण कापलं.

"अहो, केस कापायचे ना!" बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"बटण पुन्हा शिवता येतं." आसपास कुणी नाही असं पाहून तो पुढे म्हणाला, "तुमच्या विगमध्ये काही केस उलटे बांधलेत. मुळाकडची बाजू टोकाला गेलीय. असे केस दिसेल त्यात गुंततात. मी खाली दुसऱ्या मजल्यावर विगच बनवतो."

म्हणजे त्याने ओळखलं होतं! लाजेने चार दिवस ती जिन्याने गेली. पाचव्या दिवशी बटण परत करायचं निमित्त करून दुसऱ्या मजल्यावर थांबली, आणि नवा विग बनवायला सांगून आली.

माप त्याच्या आत्याने घेतलं, पडद्याआड. त्याने आत यायचं नाही, ही तिची अट. एकाने पूर्वी हे डोकं पाहिलं होतं, आणि 'मला जरा वेळ हवाय' म्हणून जो गेला तो आजतागायत गेलेलाच आहे. तसं पुन्हा व्हायला नको होतं. या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नको.

तेव्हा त्याच्यापुढे होतं एक लाकडी डोकं. त्यावर जाळी ताणून तो खिडकीशी बसायचा आणि बारीक आकड्याने एकेक केस गाठ मारून बांधायचा. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिथेच यायला लागली.

"तुमचा भोवरा कुठे होता?" त्याने एकदा विचारलं.

"स्वतःचा भोवरा कधी कुणाला दिसतो का?" तरी तिने आईला फोन लावला. "एक नाही, दोन होते!" आई म्हणाली. "भांग पाडताना नाकी नऊ यायचे माझ्या."

आत्या खुदकन हसली. "दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं गं!"

"इथे एकाचीच मारामार आहे, आत्या."

त्याने मान आणखी खाली घातली. कान मात्र लाल झाले होते.

तीन आठवड्यांचं काम तीन महिने चाललं. "या वेगाने विगचेच केस पांढरे होतील," आत्या म्हणायची. पण शेवटी विग पूर्ण झालाच. पडद्याआडून ती तो घालून आली. आरशात जुनी ती उभी होती... आणि उद्यापासून इथे यायला कारण उरलं नव्हतं.

"मी... मुद्दाम हळू बांधला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग... पुढेही येत राहाल? विगचं काम नसलं तरी?"

हो म्हणणं किती सोपं होतं! विग इतका बेमालूम होता की विषयच निघाला नसता. पण तिला असं लपवून हो म्हणायचं नव्हतं. "आधी बघा," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी विग उतरवला.

तो बघत राहिला. मग जवळ आला, खिडकीच्या उजेडात वाकून तिचं डोकं निरखू लागला.

"चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"दुसरा भोवरा. इथे बारीक लव आहे, ती फिरलेली दिसतेय बघा. मी बोटभर खाली बांधलाय. उसवून पुन्हा बांधावा लागेल."

हसू आणि रडू तिला एकदमच आलं. तो मात्र अजून गंभीरच होता.

"आणि... आत्या म्हणते ते खरं असेल, तर पहिलं लग्न माझ्याशी कराल?"

"आणि दुसरं?"

"तेही माझ्याशीच."

तिने डोळे पुसले आणि विग त्याच्या हातात दिला.

"सावकाश बांधा," ती म्हणाली.