दोनशे बारा खुणा

दोर्राने फोन लावला तेव्हा बोलकी पुस्तकयंत्रं बनवणाऱ्या ट्युनिसच्या कंपनीत फोन घेणारी सिहेम जेवायला गेली होती. म्हणून बाजूने जाणाऱ्या कुणीतरी तो उचलला.

"बोला."

"बोलणारच आहे. तुमच्या नव्या अपडेटने माझ्या दोनशे बारा खुणा पुसल्या. परीक्षा एकोणीस दिवसांवर आहे. हे दिवे ज्याने लावले, त्याला फोन द्या."

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "त्याच्याशीच बोलताय. तो प्रोग्राम मी लिहिलाय."

दोर्राने पुढची चार जळजळीत वाक्यं घोटून ठेवली होती. ती तशीच ओठांवर राहिली. बिझर्तच्या एका इस्पितळात ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभरात शेकडो माणसांचे आवाज तिच्या कानावरून जायचे, आणि त्यातले निम्मे 'ते आमच्याकडे नाही, पुढे विचारा' एवढंच म्हणायचे. चूक झाल्यावर 'मी' म्हणणारा आवाज तिने फार क्वचित ऐकला होता.

तिला जन्मापासून दिसत नव्हतं. संध्याकाळी कायद्याची ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकायची, महत्त्वाचं वाक्य आलं की बोलक्या पुस्तकयंत्राचं ठसठशीत बटण दाबून खूण ठेवायची, असा तिचा दोन वर्षांचा नेम होता. यंत्र तळहाताएवढंच, पण तिच्या सगळ्या वह्या त्यात होत्या.

"नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

"नौफल."

"आवाजावरून घाबरलेले वाटता."

"घाबरलोच आहे. यंत्र आता बंद करा, आतल्या कार्डावर काही नवीन साठवू नका. शनिवारी मी येतो."

"एका ग्राहकासाठी बिझर्तला?"

"दोनशे बारा खुणांसाठी. ग्राहक रागीट आहे, ते वेगळं."

फोन ठेवल्यावर दोर्राच्या लक्षात आलं – आपण हसतोय.

शनिवारी पावसाची रिपरिप होती. जुन्या बंदराजवळच्या कॅफेत ती आधीच येऊन बसली होती. दार उघडलं, समुद्राचा गार वारा आत आला आणि पाठोपाठ ओल्या लोकरीचा वास.

"मी नौफल. तुमच्या समोरच्या खुर्चीत बसू?"

"बसा. आधी कोट झटका, माझ्या कॉफीत पाऊस पडतोय."

कार्ड आपल्या संगणकात घालून तो तासभर खपत होता. फक्त बटणांची टकटक, आणि मध्येच एखादा सुस्कारा. शेवटी म्हणाला, "एकशे एकोणपन्नास सापडल्या. त्रेसष्ट गेल्या. त्या मी परत आणू शकत नाही."

उगीच धीर दिला नाही, सबब सांगितली नाही. तिला ते फार बरं वाटलं.

"मग बसा इथेच. कानाने शोधू."

तिने यंत्र सुरू केलं, नेहमीच्या तिप्पट वेगात. नौफल गोंधळला.

"हे... माणूस बोलतोय?"

"प्राध्यापक आहेत आमचे. तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"तेलात मिरच्या पडताहेत."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता थांबली. "थांबा... इथे सर खोकले. वारसाहक्काची खूण याच्या पुढच्या वाक्यावर होती."

त्याने वेग कमी करून ऐकलं. पुढचं वाक्य वारसाहक्काचंच होतं.

"तुमच्या डोक्यात काय भरलंय हो?" तो थक्क होऊन म्हणाला.

"कायदा. आणि तुमच्या यंत्राबद्दलच्या तक्रारी."

"सांगा. लिहून घेतो."

"खूण ठेवल्याचा आवाज 'टिंग', पुसल्याचा आवाजही 'टिंग'. आता यातलं सुखाचं टिंग कोणतं, ते आम्ही कसं ओळखायचं?"

मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

"तीन वर्षं हे यंत्र बनवतोय," तो म्हणाला. "मला हे एकदाही सुचलं नाही."

त्या दिवशी एकतीस खुणा सापडल्या, पुढच्या शनिवारी उरलेल्या बत्तीस. दोर्राने परीक्षा दिली. काम संपलं... पण नौफलचे शनिवार काही संपले नाहीत. कधी नवा आवाज ऐकवायला, कधी बटण किती जोरात दाबावं लागतं ते विचारायला तो येतच राहिला. ती तक्रारी सांगायची, तो लिहायचा. तक्रारी खऱ्याच होत्या. पण एकदम दहा सांगण्याऐवजी ती हल्ली दर खेपेला दोनच सांगायची.

एका दुपारी सिहेमचा फोन आला. यंत्रातल्या सूचनांचा आवाज तिचाच, त्यामुळे दोर्राला ती जुन्या मैत्रिणीसारखीच वाटायची.

"दुरुस्त अपडेट आज निघालं," सिहेम म्हणाली. "पाच आठवडे उशिरा. मालकांना घाई होती. नौफल म्हणाला, आधी वीस जण वापरून बघतील, मगच. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, पण हटला नाही."

"मला यातलं काहीच बोलले नाहीत."

"तो कशाला बोलतोय. मी त्याला म्हटलं, दोर्राकडे चाचणीला जाणाऱ्या यंत्रात माझ्या आवाजात तुझ्या मनातली एक ओळ टाकूया, छान चकित होईल. तर माझ्यावरच चिडला. म्हणे, ती तिची वही आहे. न विचारता तिच्या वहीत मी कसं लिहू?"

इस्पितळाच्या फोनवर दुसरा कॉल आल्याची घंटी वाजू लागली, तरी दोर्राने तो लगेच घेतला नाही. इतकं जपणारा माणूस... आणि इतका मुखदुर्बळ.

त्या शनिवारी निकाल लागला. दोर्रा पास झाली. नौफलने आवाज न करता टाळ्या वाजवल्या, मग तिला दिसत नाही हे आठवून खरोखरच्या वाजवल्या. संध्याकाळी ती त्याला गाडीतळावर सोडायला गेली. ट्युनिसची लुआज, म्हणजे भाड्याची सामायिक गाडी, आठ माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. सातजण आत बसले होते.

"सिहेमचा फोन आला होता," दोर्रा म्हणाली. "वहीचं सांगितलं तिने."

नौफल अडखळला. "मी... ते..."

"वहीत लिहिलं नाहीत, फार चांगलं केलंत. आता तोंडाने बोला."

"दादा, बसताय ना?" ड्रायव्हरने हाक दिली. "एका माणसापायी सातजण खोळंबलेत."

"खोळंबू देत," आतून एक म्हातारी म्हणाली. "महत्त्वाचं बोलणं दिसतंय. काच जरा खाली घे."

"मला बोलता येत नाही चांगलं," नौफल म्हणाला. "पण... शनिवार पुरत नाही, दोर्रा. उरलेले सहा दिवसही तू बोलावंस आणि मी ऐकावं, असं वाटतं. तुला चालेल?"

"'तू' म्हणालात मला."

"चुकून..."

"राहू दे तसंच. मीही म्हणते. चालेल मला, नौफल. कधीपासून चालतंय, तुलाच कळत नव्हतं."

गाडीतून एक समाधानाचा हुंकार आला. तेवढ्यात कुणीतरी पिशवी सांभाळत धावत आलं, आठव्या जागेवर बसलं, दार सरकलं आणि लुआज निघून गेली.

"माझी गाडी..." नौफल म्हणाला.

"जाऊ दे. आईने माशाचा कुसकुस केलाय. पाहुणा येईल असं तिला सांगितलं नाही, पण घरात आम्ही दोघीच असून आज तिने तीन ताटं मांडलीत."

तिने आपली घडीची काठी मिटली आणि त्याच्या कोपराला हात लावला. घराचा रस्ता तिला पाठ होता, तरी त्या संध्याकाळी ती त्याच्या चालीने चालली.