वज्रकड्याचा पाचवा तास

चैत्र सरत आला होता. वज्रकड्याच्या पूर्वेकडील सुळक्यावर सूर्यबिंब उगवले आणि महादरवाजावरच्या नगारखान्यात बसलेल्या विश्वंभरभट जोशांनी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी अलगद सोडली. बुडाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आणि मग भटजींनी पितळी तासावर टोला द्यायचा, हा गडाचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आज मात्र त्या टोल्यांवर तीनशे जीव टांगलेले होते.

गनिमाच्या वेढ्याला पाच महिने होत आले होते. परवा सूर्य उगवता उगवता किल्लेदार नरसोजीराव भटजींपुढे येऊन बसले. दोघे एकाच तळ्यात पोहायला शिकलेले, एकाच पंगतीत वाढलेले.

"जोशीबुवा, मनी धरलेले कार्य सिद्धीस जाईल का, एवढेच पाहावे," राव म्हणाले.

प्रश्न ज्या क्षणी उमटतो त्या क्षणाच्या आकाशातच त्याचे उत्तर असते, अशी शास्त्राची धारणा. भटजींनी त्या घटकेची कुंडली मांडली. पहिले घर विचारणाऱ्याचे, सातवे शत्रूचे. पहिल्याचा स्वामी मंगळ सातव्यात जाऊन बसला होता आणि सातव्याचा स्वामी शुक्र पहिल्यात. दोघांनी एकमेकांची घरे घेतली होती. भटजींना कोण आनंद झाला.

"राव, आपण त्याच्या गोटात शिराल आणि तो आपल्या दारी येईल, मान खाली घालून," असे सांगून त्यांनी आजच्या पाचव्या घटकेचा मुहूर्त काढून दिला.

बेत रावांनी आखला. धारनाक नाईक शिबंदीचे तीनशे लोक घेऊन पिछाडीच्या चोरदिंडीशी दबून राहील आणि पाचवा तास पडताच छावणीवर तुटून पडेल. महादरवाजा राव स्वतः खासगीतल्या दहा माणसांनिशी राखतील. मुहूर्त राव आणि भटजी या दोघांतच होता. शिबंदीला तो आज पहाटे, दिंडीशी उभे केल्यावर सांगितला गेला.

वाटी बुडाली. भटजींनी पहिला तास दिला. थोड्या वेळाने दरीतून तसाच एक टोला उमटला. पडसाद असेल म्हणून त्यांनी सोडून दिले. दुसऱ्या तासालाही तेच झाले, आणि या खेपेस मागोमाग आणखी दूर, ओढ्याच्या वळणाआड, तिसरा टोला पडला. कड्याचा पडसाद भटजींच्या चांगल्या ओळखीचा होता. तो इतका रेंगाळत नसे. खाली कुणीतरी गडाचा तास मोजत होते आणि वळणाआड दडलेल्या फौजेला पोचवत होते. गनिमाला आमच्या घटका कशाला हव्यात?

त्यांनी सज्जातून खाली डोकावले. रावांची माणसे महादरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल घालत होती. जो दरवाजा बंद राहायचा, त्याला तेल कशाला?

ग्रह कुणाचे काही करीत नाहीत, ते केवळ दाखवतात, हे भटजींनी जन्मभर लोकांना शिकवले. आणि ग्रहांनी ढळढळीत दाखवलेले त्यांना स्वतःलाच दिसले नव्हते. विचारणारा शत्रूच्या घरात जाऊन बसला आहे, यात न समजण्यासारखे काय होते? पण समोर मित्र होता, आणि त्याचे भलेच निघावे म्हणून आसुसलेल्या मनाने त्याचा विजय वाचला. आपल्याच हाताने आपण गड विकायचा मुहूर्त काढून दिला.

खाली उतरायची वाट रावांच्या माणसांतूनच जात होती. नाईक गडाच्या दुसऱ्या टोकाला. उपाय एकच उरला होता. गडावर आग लागली तर तास न थांबता बडवायचा आणि हातातले टाकून साऱ्यांनी महादरवाजालगतच्या टाक्यापाशी धावायचे, असा कायदा होता. भटजींनी चाळीस वर्षांत एकही खोटा टोला दिला नव्हता. त्यांनी मोगरी उचलली आणि तास बडवायला सुरुवात केली.

राव नंगी तलवार घेऊन जिना चढून आले. "जोशीबुवा, हात आवरा. मुहूर्त अजून व्हायचा आहे."

"तो मुहूर्त आपला होता, राव. हा माझा आहे."

तलवार उजव्या मनगटावर पडली. मोगरी खाली गेली. भटजींनी ती डाव्या हाताने उचलली आणि बडवत राहिले. रावांनी पुन्हा हात उगारला, पण तो खाली येईना. तळ्याची आठवण झाली असेल, किंवा जिन्यावरची पावले ऐकू आली असतील. धारनाक नाईकाने त्यांना मागून कव घातली. खाली रावांच्या माणसांनी घाईत अर्धा उघडलेला दरवाजा शिबंदीने छातीने रेटून बंद केला आणि टोल्यांच्या गोंधळात अवेळी चढू लागलेला गनीम धोंड्यांच्या माऱ्याखाली दरीत परतला.

गड राहिला. भटजींचे मनगट नाईकाने आपल्या मुंडाशाने बांधले. मुसक्या आवळलेले राव समोरून जाताना क्षणभर थांबले आणि जन्माच्या सवयीने विचारते झाले, "जोशीबुवा, माझे आता काय होईल?"

तितक्याच सवयीने भटजींची नजर सूर्याकडे गेली, लग्नरास कोणती ते पाहायला. मग त्यांनी ती खाली आणली.

"हा प्रश्न तरी कुणाच्या बाजूने विचारता आहात, राव?"

रावांना खाली नेल्यावर भटजींनी घंगाळात हात घातला. वाटी केव्हाची तळाशी जाऊन पडली होती. किती घटका झाल्या, ते कुणालाच सांगता आले नसते. त्यांनी डाव्या हाताने ती वर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि बराच वेळ तशीच मांडीवर धरून बसले.