तीन गाठी

वडील नाचताना पायात बांधत ती माळ दुरुस्त करायची, एवढंच काम रेमिहिआकडे उरलं होतं. चार वर्षं तिने त्यांचं आजारपण काढलं, मग आम्हा याकी जमातीच्या रीतीप्रमाणे वर्षभर शोकाचा काळा दोरा गळ्यात वागवला. उद्या पहाटे तो कापला की ती सुटली. सोमवारच्या बसने ग्वायमासला बहिणीकडे जाऊन मनसोक्त झोपायचं, बाकी काही नको होतं तिला.

माळ पतंगांच्या कोषांची. सुरवंट पाला खाऊन माजतो, झुडपावर रेशमाचा कोष विणून आत झोपतो आणि पावसाळ्यात पतंग होऊन उडून जातो. पतंगाला तोंडच नसतं. चार दिवस उपाशी जगायचं, अंडी घालायची, संपलं. मागे राहिलेल्या कोषात वारुळावरचे खडे भरले की नाचताना ते सळसळतात.

"पोरी, सोडून गेलेलाच कोष घ्यायचा हं," लिब्रादोकाकांनी बजावलं. आज रात्री शोक फेडायच्या नाचात माळ घालून तेच नाचणार होते. "झोपलेल्याला उठवायचं नाही."

"अख्खं रान पालथं घातलं, काका. एक कमी पडतोय."

"पडू दे. तुझा बाप हिलारिओ काय मोजायला येणारे?"

पण वडिलांनी कधी एक कोष कमी चालवून घेतला नव्हता. काका गेल्यावर तिने एक जड कोष चिरला. आतला जीव तळहातावर एकदा वळला. तिने तो कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्या मागे सरल्या. खडे भरून तिने कोष शिवला. वडील प्रत्येक दोऱ्याला तीन गाठी मारत. तिने एकच मारली. बोटांत त्राणच नव्हतं.

रात्रभर काका नाचले. पहाटे वाद्यं थांबली, काकाही थांबले. माळ सळसळतच राहिली.

काकांनी पायांकडे पाहिलं. "एखादा... जिवंत होता का गं?"

"नाही," ती म्हणाली.

वर्षापूर्वी दोरा बांधणाऱ्या धर्ममातेने तो तिच्या गळ्यातून कापून जाळला. "जा बाई, मोकळी झालीस."

घरी येऊन ती तशीच आडवी झाली. जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि गळ्याभोवती काहीतरी आवळत होतं. तिने चाचपलं. बारीक, चिकट रेशमाचा धागा, कितीतरी वेढे. ओढून तुटेना. बोटं मानेमागे गेली.

एक... दोन... तीन.

"बाबा," ती थकून म्हणाली, "आता तरी झोपू द्या."

शेवटची गाठ अजून ओली होती.