दोन काठ, एक आकडा

पुलावरून येणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा एका खोक्यानं अडवली होती. खोक्याला पट्टा बांधला होता, खाली उशी होती, आणि खोक्याचा मालक बिचारा दांडीला धरून उभा.

"तिकीट काढलंय का याचं?" मी विचारलं.

"काढलंय ना. आधी त्याचं, मग माझं."

"असं काय आहे आत? नवरी?"

"नवरीला एवढं जपत नाही हो कुणी!"

मला हसू आलं. ते लपवायला मी खिडकीबाहेर पाहत बसले. खाली जानेवारीतली रोडावलेली मेकाँग नदी, आणि पलीकडचा काठ नेहमीसारखा धुरकट. माझ्या मांडीवर आईसाठी पलीकडच्या व्हिएन्तियानहून घेतलेले लांबुडके पाव होते. बसनं गचका दिला, त्यानं खोकं सावरायला झेप घेतली आणि माझे दोन पाव मधोमध मोडले.

"अरेरे... चुकून झालं हो..." त्याचे कान लालभडक झाले.

"खोकं वाचलं ना? मग झालं तर."

अलीकडे नोंगखायला, माझ्या गावी उतरल्यावर तो डावीकडे गेला, मी उजवीकडे. पाव मोडले म्हणून मला राग यायला हवा होता. नाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तोच माणूस, तेच खोकं उराशी धरून आमच्या कार्यालयाच्या जिन्यात उभा! नाव आनुसित, राहणार व्हिएन्तियान, काम हवेतला धूर मोजण्याचं. काम माझंही तेच. "मी बुसाबा," मी म्हटलं, "तुमच्या खोक्याची शेजारीण."

धुराला काही पासपोर्ट लागत नाही. दरवर्षी शेतं पेटायला लागली की आम्ही म्हणायचो, धूर पलीकडून आला. पलीकडचे म्हणायचे, अलीकडून. खोकायचे मात्र दोघंही. शेवटी यंदा नदीकाठच्या सहा शहरांनी ठरवलं की भांडण पुरे. रोज सकाळी सहा वाजता सगळ्यांनी आपापल्या हवेचा आकडा एकमेकांना सांगायचा, आणि धूर निघालेला दिसला की सगळीकडे एकदम इशारा द्यायचा. पण आकड्यांवर विश्वास बसायला आधी मशीन जुळायला हवीत. म्हणून पाहुणं मशीन, म्हणजे आनुसितचं खोकं, आमच्या मशीनशेजारी पंधरा दिवस ठेवायचं. दोघांनी एकच हवा ओढायची आणि एकच आकडा सांगायचा. नाही जमलं तर ते शहर यंदा बाहेर. आणि जमल्यावर पुढे कधी बिनसलं, तर मशीन पुन्हा शेजारी आणून ठेवायचं.

"म्हणजे लग्न जुळवायचाच प्रकार की!" आनुसित म्हणाला.

"जुळलं तर ना..."

नियम असा होता की दोन मशीनमध्ये दोनच हातांचं अंतर हवं. मी त्याचं मशीन वीस पावलं लांब, गच्चीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात ठेवलं. नदीकडच्या कोपऱ्यात माझं मशीन, माझी खुर्ची, माझी मोगऱ्याची कुंडी. त्या राज्यात मला परकं खोकं नको होतं. गच्ची एकच, मग हवा काय वेगळी असणार आहे? खरी गोष्ट इतकीच, की हा नियम मीच लिहिला होता आणि मीच गुंडाळून ठेवला.

सकाळी दोन्ही आकडे शहाण्या भावंडांसारखे सारखे यायचे. चार वाजले की त्याचा आकडा तिप्पट!

"तुमच्या मशीनला रोज संध्याकाळी ताप येतो," मी म्हणायची.

"येतो खरा," तो म्हणायचा, वहीत लिहायचा आणि खाली माझ्या आईकडे जेवायला जायचा.

आईची कोंबडी भाजायची गाडी कार्यालयाच्या भिंतीला लागूनच असे. माझ्या जन्माच्या आधीपासून ती तिथेच होती. आनुसित बाकावर बसून चिकट भाताचा गोळा तीन बोटांनी वळायचा, तिखटात बुडवायचा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत म्हणायचा, "मावशी, अजून थोडं तिखट चाललं असतं."

"ऐक, ऐक," आई मला म्हणायची. "पलीकडची माणसं कशी गोड बोलतात!"

"बोली तर एकच आहे ना, आई."

"एकच कशी?" तो मध्ये बोलायचा. "तुम्ही त्यात पाणी घालता."

एका रविवारी तो घरी जाऊन आला आणि सोमवारी माझ्या खुर्चीत दोन लांबुडके पाव होते. सोबत चिठ्ठी, 'मोडलेल्यांच्या बदली.' मी पाव आईला दिले. चिठ्ठी दिली नाही. त्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

बाराव्या दिवशी आमचे प्रयून साहेब म्हणाले, "शुक्रवारची बैठक शेवटची. संध्याकाळचे आकडे जुळत नसतील तर नापासचा कागद तयार ठेव."

मी कागद लिहिला. व्हिएन्तियान यंदा बाहेर. धुराच्या दिवशी शाळा उघडायच्या की नाही, हे तिथे वेळेवर कुणाला कळणार नाही. आणि आनुसित शनिवारी खोकं घेऊन परत... पण मशीन खोटं बोलत नाही, असं मीच त्याला पहिल्या दिवशी ऐकवलं होतं.

गुरुवारी चार वाजता मोगऱ्याला पाणी घालून उरलेलं ओतायला मी रस्त्याकडच्या कठड्याशी गेले. गवती चहा आणि लसूण लावलेल्या कोंबडीचा वास आला. वाकून पाहिलं. आईच्या निखाऱ्यांचा धूर भिंतीला धरून सरळ वर चढत होता आणि थेट त्याच्या मशीनच्या नळीत शिरत होता. खाली आई पाय पसरून बसली होती आणि तिच्या जागी आनुसित पंख्यानं निखारे फुलवत होता! स्वतःच्याच हातानं स्वतःचं मशीन नापास करत होता.

त्यानं वर पाहिलं. नजरानजर झाली. त्याच्या हातातला पंखा थांबला.

त्याला माहीत होतं.

मी जिना कसा उतरले, मला आठवत नाही. "केव्हापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलास?"

"सांगितलं असतं तर तुझ्या साहेबांनी गाडी उठवली असती. मावशींची चूल विझवून माझं मशीन खरं ठरवायचं..." तो अडखळला. "रोज ठरवायचो, आज सांगू. रोज मावशी ताट पुढे करायच्या."

"आणि तुझं शहर? तिथली पोरं धूर खातील त्याचं काय?"

त्यानं पंखा बाकावर ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याच क्षणी मला कळलं की हा माणूस मला फार, फार आवडतो. एका वेळी दोन्ही सांभाळणं सोपं नव्हतं.

आई आमच्याकडे बघत होती. "काय गं, माझ्या धुराचं चाललंय का?" सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अगं मग भांडताय कशाला? चूल माझी, भिंत सरकारची. भिंत हलत नाही, चूल हलते!" आणि अर्ध्या तासात गाडी रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली गेली. गिऱ्हाइकंसुद्धा ढकलायला आली.

शुक्रवारी बैठकीत मी नापासचा कागद फाडला.

"मशीन ठीक आहे," मी सांगितलं. "जागा चुकली. दोन हातांचा नियम मी मोडला. चूक माझी आहे."

प्रयून साहेबांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "नियम कुणी लिहिला होता, बुसाबा?"

"मीच."

"धन्य आहे." त्यांनी चार दिवस वाढवून दिले.

मी मोगरा सरकवला. दोन मशीन दोन हातांवर आली, आणि खुर्च्या त्याहून जवळ. संध्याकाळी आम्ही नदीकडे तोंड करून बसायचो. तो पलीकडे बोट दाखवून सांगायचा, "त्या मनोऱ्याच्या डावीकडे आमचं घर, गच्चीवर याच मशीनची जागा. आज दिसत नाही... कधीतरी दिसेल." मी त्या धुरकट रेघेकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, दिसू दे लवकर.

चौथ्या दिवशी माझा आकडा अडतीस आला. त्याचाही अडतीस. साहेबांनी सही केली. आनुसितचं शहर आत आलं आणि आनुसित निघाला.

बसमध्ये त्यानं खोक्याला पट्टा बांधला, खाली उशी सारली. मग खिडकीतून डोकावला. "येतो," इतकंच म्हणाला. मी "ये" म्हणाले. मनात केवढं होतं! पण तोंडातून तेवढंच निघालं.

मग रोज सकाळी सहाचा फोन.

"चव्वेचाळीस."

"इकडे सेहेचाळीस."

"मावशी बऱ्या आहेत?"

"आई विचारत असते तुला."

"मावशीच?"

"...आकडा लिहून घेतलास ना? ठेव मग."

एकदा धूर निघालेला सहाही शहरांत एकदम कळला, शाळा दोन दिवस बंद राहिल्या, आणि कुणी कुणाला बोल लावला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी खूश होते. तरी मोगऱ्याशेजारची रिकामी खुर्ची काही मला आत नेववेना.

मग एका शनिवारी सहाचे आकडे देऊन झाल्यावर नऊ वाजता पुन्हा फोन वाजला.

"तीनशे दहा," आनुसित म्हणाला.

मी ताडकन उठले. माझ्या मशीनवर एक्केचाळीस. पलीकडचा काठ तर त्या दिवशी कधी नव्हे तो लख्ख, मनोऱ्याच्या डावीकडची घरंसुद्धा दिसत होती. "तिकडे काय पेटलंय?"

फोनमधून पंख्याचा ओळखीचा आवाज आला. फट्... फट्... फट्...

"आनुसित, नळीखाली काय करतोयस?"

"कोंबडी भाजतोय. मावशींसारखी जमत नाही." तो घाईघाईनं म्हणाला, "हा आकडा वहीत घालू नकोस हं! सहाचा दिला तोच खरा. पण नियम काय सांगतो? आकडे जुळले नाहीत, तर मशीन घेऊन पुन्हा शेजारी यायचं."

"मला सांगतोस? नियम मी लिहिलाय."

"म्हणून तर तुलाच विचारतोय." पंखा थांबला. "येऊ?"

मी मनोऱ्याच्या डावीकडे पाहिलं. तिथे एका गच्चीवरून धुराची बारीकशी रेघ वर जात होती.

"मशीन राहू दे तिथेच," मी म्हटलं. "त्याला काही झालेलं नाही. तू ये... या वेळी तरी बसमध्ये बसायला जागा मिळेल तुला."